बेदाणा रॅकवर, आम्ही बेटावर

आमचं लग्न डिसेंबरात झालं आणि हनिमूनला निघायला मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला. कारण एकच, द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की बाग माणसाला घर सोडू देत नाही. फवारण्या, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मग काढणी. मांडवात अक्षता पडत होत्या तेव्हासुद्धा यांची नजर आभाळाकडं जात होती, मी बघितलंय. काढणी संपली की एप्रिलच्या खरड छाटणीआधी वेलीला पंधरा-वीस दिवस विसावा देतात. एका रात्री जेवताना आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "येली इसावा घेत्यात तवर तुमी बी जाऊन या." तेवढ्या एका वाक्यावर आमची अंदमानची तिकिटं निघाली.

शेवटच्या लॉटचा बेदाणा मात्र अजून शेडवर होता. आमचं गाव तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या बाजूला. तिकडं बेदाण्याची शेड म्हणजे माळावर उभे केलेले जाळीचे रॅक, एकावर एक मजले. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे आणि जाळीवर पसरायचे. सावलीत, वाऱ्यावर, पंधरा दिवसांत त्याचा हिरवट सोनेरी बेदाणा होतो. त्या पंधरा दिवसांत पाऊस नको. एक सर जरी आडवी घुसली तरी मणी काळा पडतो आणि वर्षाच्या कष्टाचा दर खाली येतो. "ताडपत्र्या मी बगतो, तू मागं वळून बगू नगंस," असं आबांनी यांना दोनदा बजावलं. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सांगलीचा भडंग आणि आपल्याच बागेतला दोन किलो बेदाणा बांधून दिला. "परमुलखात कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नगंस," म्हणाल्या.

माझं माहेर सांगलीत, गावभागात, कृष्णेच्या अगदी कुशीत. हे इथंच सांगते, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घराचा तळमजला बुडाला. आम्ही तीन दिवस वरच्या माळ्यावर होतो आणि मग बोटीतून निघालो. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीवर जी रेघ राहिली ती माझ्या कपाळाच्या वर होती. तेव्हापासून मला खोल पाण्याची भीती बसली. आणि लग्न झालं ते अशा घरात, जिथं उन्हाळ्यात बाग जगवायला टँकर विकत घेतलेत आणि कृष्णेतून उपसून आणलेलं म्हैसाळ योजनेचं पाणी कधी सुटतंय याकडं सगळ्यांचे डोळे असतात.

दिवस पहिला

रात्री दहाच्या ट्रॅव्हल्सनं सांगलीहून पुणे, पहाटे विमानतळ, तिथून चेन्नई आणि चेन्नईहून श्री विजयपुरम. पोर्ट ब्लेअरचं हे नाव सप्टेंबर २०२४ पासूनचं. तिथले रिक्षावाले, दुकानदार अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

यांचा विमानाचा पहिलाच प्रवास. चेन्नई सोडल्यावर दोन तास खाली नुसतं पाणी. हे खिडकीला कपाळ लावून बसलेले. मी डोळे मिटून घेतले होते. बऱ्याच वेळानं माझ्या हाताला हात लागला, "बग की, बेटं आली." हिरव्या गर्द टेकड्या, त्यांच्या कडेनं पांढरी किनार, आणि त्या किनारीबाहेर पाण्याचा रंग पोपटी, मग निळा, मग एकदम काळा. पोपटी असतं ते उथळ, प्रवाळाच्या खडकांवरचं पाणी, हे नंतर कळलं. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव आहे आणि नवी इमारत शिंपल्याच्या आकाराची.

खोलीवर पिशव्या टाकल्या, दशम्या खाल्ल्या आणि तडक सेल्युलर जेल. हनिमूनला आलेली जोडपी इथं फोटो काढून अर्ध्या तासात परत फिरतात असं ड्रायव्हर म्हणाला. आम्ही बंद व्हायच्या वेळेपर्यंत होतो.

१८९६ मध्ये बांधायला घेतलेला हा तुरुंग १९०६ मध्ये पुरा झाला. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या, आता तीन उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे समोरासमोर कुणी कुणाला दिसायलाच नको. सावरकरांना इथं १९११ मध्ये आणलं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते, आणि एका आवारात असूनही भावाला भाऊ दिसत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या कोठडीत मी उभी राहिले. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. खिडकी म्हणजे माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर एक झरोका. त्यातून समुद्र दिसत नाही, उजेड तेवढा येतो. आमच्या माळ्यावर तीन दिवस काढले तेव्हा निदान सगळे एकत्र होतो, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

खाली तेलाचा घाणा ठेवलाय. बैलाच्या जागी माणूस जुंपायचे आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावायचे. हे त्या घाण्यापाशी पाच-दहा मिनिटं गप्प उभे होते. मग हळूच म्हणाले, "आमच्या आज्ज्याचं गुऱ्हाळ हुतं. चरकाला बैल असायचा. पर त्येला बी दुपारचं सोडायचे गं." पुढं काही बोलले नाहीत. बाहेर पाटीवर महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा ही नावं वाचली. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीनं नळीतून दूध घालताना हे तिघं गेले.

सांगलीच्या माणसाला तुरुंग म्हटलं की वसंतदादा आठवतात. आमच्या आजोबांच्या तोंडून ती गोष्ट शंभरदा ऐकलेली: २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तटावरून खंदकात उड्या घेतल्या, दादांना गोळी लागली. तटापलीकडं खंदक होता, खंदकापलीकडं गाव होतं, आणि गावात दार उघडणारी माणसं होती. इथल्या गच्चीवरून मी चारी बाजूंनी बघितलं. इथून उडी घेऊन माणूस जाणार कुठं? पाण्याचाच तट. काळं पाणी हा शब्द शाळेत पाठ केला होता, त्या दिवशी तो डोळ्यांनी बघितला.

साडेपाचला सूर्य बुडाला. घड्याळ आपलंच, पण बेटं सांगलीच्या कितीतरी पूर्वेला, त्यामुळं इथला दिवस आपल्यापेक्षा तास-सव्वातास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. यांनी घरी फोन लावला तेव्हा तिकडं लख्ख ऊन होतं आणि आबा शेडवर होते.

दिवस दुसरा

सकाळच्या बोटीनं हॅवलॉकला. २०१८ च्या डिसेंबरात याचं नाव स्वराज द्वीप ठेवलं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोट बंद काचेची, गार हवेची, दोन तासांत पोहोचवते. मी मधल्या खुर्चीत बसले, खिडकी नको म्हटलं. यांनी कारण विचारलं नाही, खिडकी सोडून माझ्याशेजारी येऊन बसले.

एजंटानं खोलीतून समुद्र दिसेल म्हणून सांगितलं होतं. खोलीतून जनरेटर दिसत होता. आम्ही दोघंही त्यावर भांडत बसलो नाही, कारण तीनला राधानगर गाठायचं होतं.

राधानगर किनाऱ्याला २००४ मध्ये टाइम साप्ताहिकानं आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं होतं. बाकीच्या आशियाचं मला माहीत नाही. पण वाळूपर्यंत आलेली उंचच उंच झाडं, तिथं त्यांना महुआ म्हणतात, त्यांच्या सावलीतून बाहेर आलं की पिठासारखी पांढरी वाळू आणि त्यापुढं ते पाणी, असं मी गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला बघितलं नव्हतं. वाळू तापत नाही हे मला फार नवल वाटलं. मार्चअखेरच्या दुपारी तीनला अनवाणी चालत होतो.

हे पट्टीचे पोहणारे. मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले. तरी समुद्राला बघून आधी वाकून पाण्याला हात लावला, हात कपाळाला लावला आणि मग आत गेले. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होते. तेवढं मला जमतं. लाट आली, गेली, आली, गेली, आणि जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. पाय सुटला. फार काही नव्हतं, पाणी मांडीपर्यंतच होतं, पण माझ्या डोळ्यांपुढं तो बुडालेला जिना उभा राहिला आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले. यांच्या नावानं.

यातली गोम अशी की साखरपुडा ते लग्न हे सात महिने आम्ही फोनवर एकमेकांना नावानंच हाक मारत होतो. लग्न झालं, उंबरा ओलांडला आणि त्या दिवसापासून "अहो" सुरू झालं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात चार वडीलधारी माणसं, भावकी, गड्यांची ये-जा, आपोआपच ते तोंडात बसलं. खोलीत दोघंच असलो तरी "अहो". ते नाव मी तीन महिन्यांनी पहिल्यांदा उच्चारलं ते असं, घाबरून.

पळत आले, दंडाला धरून वाळूवर आणलं. माझा श्वास लागलेला. हे म्हणाले, "परत एकदा म्हन की." मला वाटलं चेष्टा करतायत. पण डोळ्यांत चेष्टा नव्हती. मी परत एकदा म्हटलं. मग आम्ही सूर्य बुडेपर्यंत तिथंच बसलो आणि मी यांना २०१९ ची सगळी गोष्ट सांगितली, माळ्यावर आजीनं देवाचा डबा मांडीवर धरून काढलेल्या रात्रींपासून. लग्न ठरताना आपण पगार सांगतो, गुंठे सांगतो. हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

दिवस तिसरा

एलिफंट बीच. जेटीवरून छोट्या बोटीनं नेतात. किनाऱ्यावर मोठमोठी झाडं आडवी पडलेली, साल गेलेली, हाडासारखी पांढरी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या खुणा, असं नावाड्यानं सांगितलं.

इथं तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून पाण्यावर पालथं तरंगतात आणि खालचं प्रवाळ बघतात. तरंगायला मोठी रबरी कडी असते, ती धरायची आणि गाइड ओढत नेतो. मी नाहीच म्हणणार होते. हे म्हणाले, "मी कडीच्या दुसऱ्या बाजूला. नजर हलवनार न्हाई." गेले.

काय सांगू! आधी नुसता स्वतःच्या श्वासाचा आवाज. मग खाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, मेंदूसारखे, हरणाच्या शिंगासारखे प्रवाळ. निळ्याजांभळ्या ओठांचा एक भला मोठा शिंपला आमची सावली पडताच मिटला. पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे मासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कटकट आवाज पाण्यात ऐकू येतो. बऱ्याच ठिकाणी प्रवाळ पांढरंफटक पडलेलं होतं. पाणी जास्त तापलं की प्रवाळातलं शेवाळ निघून जातं आणि रंग जातो, बराच काळ तसंच राहिलं तर ते मरतं, असं गाइडनं वर आल्यावर समजावलं. वाईट वाटलं. माझ्या मंगळसूत्रात आत्यांनी ओवलेली दोन पोवळी आहेत, त्यांच्या सासूच्या गळ्यातली. पोवळं हा जीव असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात धरलं. वर येऊन मी ती दोन्ही बोटांत धरून बराच वेळ बघत बसले.

एक शिंपला उचलून आणला होता तो गाइडनं परत ठेवायला लावला. इथून प्रवाळ, शिंपले काही न्यायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

दिवस चौथा

नीलला. हे बेट लहान, सपाट, बांधावरून चालल्यासारखं वाटतं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. जेटीवर उतरल्यापासून यांचा चेहराच बदलला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं! वांगी, कारली, चवळी, केळी, मधेमधे सुपारीची सरळ झाडं. अंदमानची बरीच भाजी या बेटावरून जाते. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं इथं जमिनी दिल्या, त्यांनी जंगल साफ करून शेती केली.

भरतपूरला जाता जाता हे रिक्षा थांबवून एका कारल्याच्या मांडवाकडं निघाले. मांडव बघून द्राक्षवाल्याला राहवणार कसं? साठीतला एक शेतकरी पाइप धरून उभा होता. यांचं हिंदी म्हणजे निम्मं मराठी, त्याचं निम्मं बंगाली. तारा किती फुटांवर, खांब कशाचे, फळमाशीला काय करता, इथपर्यंत पाच मिनिटांत पोहोचले. मग पाण्याचा विषय निघाला. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडं जेमतेम पाचशे-सहाशे. तरी तो म्हणाला, जानेवारी ते एप्रिल पाण्याची ओढाताण असते, कारण बेटावर मोठी नदी नाही. घरामागं नेऊन त्यानं आपलं तळं दाखवलं. "पुकुर," तो म्हणाला. "शेततळं," हे म्हणाले. काठावर बसून दोघांनी आपापल्या तळ्याची लांबी-रुंदी बोटांवर मोजली. यांचं तळं मोठं निघालं, पण त्याच्यात मासे होते.

मी पिशवीतून बेदाण्याची पुडी काढली. त्यानं एक मणी उजेडाकडं धरून बघितला, अगदी आमचे आबा बघतात तसा. त्याच्या बायकोनं ती पुडी आधी देवापुढं ठेवली, मग आम्हाला शहाळी फोडून दिली आणि निघताना माझ्या पदरात, म्हणजे ओढणीत, दोन सुपाऱ्या घातल्या. परमुलखात माझी ओटी भरली गेली. आत्यांना फोनवर सांगितलं तर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत.

दुपारी भरतपूरला पाणी अगदी संथ, तळ्यासारखं, लांबवर कमरेइतकंच. ओहोटी लागायची होती. हे म्हणाले, "आज तुला तरंगायला शिकवतो. पवायचं न्हाई, फकस्त पडून ऱ्हायाचं."

एक तळहात माझ्या मानेखाली, एक कमरेखाली. मी लाकडासारखी ताठ. पाय खाली जात होते. "अंग सैल सोड. मान माझ्या हातावर टाक, खाटेवर टाकतीस तशी." कानात पाणी गेलं आणि जगाचा आवाज बंद झाला. मी दचकून उठले. परत. परत उठले. पाचव्या वेळी मी आभाळाकडं बघत राहिले. यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं, हे म्हणत होते, "विहिरीतल्या पाण्यापरास ह्ये पाणी लय बळकट हाय, मिठाचं हाय, ह्ये बुडू देत न्हाई." मला तेव्हा एवढंच जाणवलं की कमरेखालचा हात निघाला. मग मानेखालचा. आणि मी तिथंच होते. पाणी मला खाली ओढत नव्हतं, वर धरत होतं. नाकावर मिठाचं पाणी सुकून ताणत होतं, पापण्यांवर ऊन होतं. ज्या पाण्यानं आमच्या स्वयंपाकघरातली फळी काढून नेली, ते आणि हे एकच, हे मनाला पटायला वेळ लागला. किती वेळ पडून होते कुणास ठाऊक. यांनी नंतर शपथेवर सांगितलं, शंभर आकडे मोजले.

दिवस पाचवा

सकाळी ओहोटीला लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला गेलो. लाटांनी कोरलेली प्रवाळी खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथं ओहोटी असेल तरच जाता येतं. डबक्याडबक्यांत खेकडे, तारामासे, समुद्रकाकड्या. फार सुंदर.

आणि संध्याकाळी फोन आला. नीलला रेंज धड नाही, जेटीजवळ येते. आबांच्या आवाजावरूनच कळलं. "दक्षिणंला इजा चमकाया लागल्यात. वारं सुटलंय." मग फोन तुटला. पुढचे दोन तास आम्ही जेटीच्या पायरीवर बसून होतो. हे मोबाइल कधी या हातात, कधी त्या हातात. समोर शांत समुद्र, डोक्यावर चांदण्या, आणि मनात साडेतीन टन बेदाणा. ज्या पाण्यासाठी वर्षभर आभाळाला हात जोडायचे, त्याच पाण्याला नको म्हणून हात जोडायचे. द्राक्षवाल्याच्या घरात मला येऊन तीनच महिने झाले होते, पण त्या पायरीवर माझे हात जोडलेलेच होते.

"मी असतो तर चार मान्सं जास्त लावली असती," हे म्हणाले. मी काही समजूत घातली नाही. आदल्या दिवशी यांनी हात धरला होता तसा यांचा हात धरून बसले. साडेनऊला फोन लागला. दहा मिनिटं वाऱ्यासकट पाऊस आला. ताडपत्र्या आधीच सोडल्या होत्या. आबा, आत्या, गडी आणि शेजारच्या शेडवरची माणसं ताडपत्रीच्या दोऱ्या हातात धरून उभी राहिली. कोपऱ्यातल्या दोन रॅकना ओल लागली, बाकी कोरडं. ते ऐकून हे जे रडले ते मी कुणाला सांगणार नव्हते, पण इथं लिहिते, कारण मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

दिवस सहावा

नीलहून परतायच्या बोटीची तिकिटं एजंटानं दुसऱ्याच तारखेची काढली होती, जेटीवर गेल्यावर उघड झालं. त्याचा फोन लागेना. पायाखालची वाळू सरकली, कारण दुसऱ्या दिवशी विमान. शेवटी सरकारी बोटीत डेकवर जागा मिळाली, टोपल्या, कोंबड्या, शाळेची पोरं यांच्यात. सगळ्या प्रवासातला हा पल्ला मला सर्वांत आवडला. बंद काच नव्हती. मी कठड्याला धरून उभी राहिले, खोल समुद्राकडं तोंड करून, आणि पाण्यातून उडणारे मासे निघाले! चिमणीएवढे, चंदेरी, पंख पसरून लांबच लांब पाण्याला न टेकता जायचे. वांग्याच्या पोत्यावर बसलेल्या एका आजींनी मला दाबून शेजारी बसवलं आणि बेदाणा मागून घेतला.

दुपारी रॉस. १९४१ पर्यंत इंग्रजांचा सगळा कारभार या बेटावरून चालायचा. चर्च, क्लब, बेकरी, सगळ्याच्या भिंती आता वडपिंपळाच्या मुळांनी आवळल्यात. हरणं माणसाळलेली. तासाभरात फिरून झालं.

बाराटांगला आम्ही गेलो नाही. चुन्याच्या गुहा बघण्यासारख्या आहेत म्हणतात, पण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच तो बंद करायला सांगितलं होतं. गाड्यांचे ताफे अजून जातात. काचेतून माणसं बघत दुसऱ्याच्या घरातून जायचं आमच्या दोघांच्याही मनाला पटलं नाही.

सातवा, आणि आठव्याची सकाळ

विमान, विमान, ट्रॅव्हल्स. लिहिण्यासारखं काही नाही. मी खिडकीत बसले एवढंच.

पहाटे सांगलीत उतरलो. तासगाव रस्त्याला लागल्यावर हे म्हणाले, आधी शेडवर जाऊया का. मी म्हटलं, मी तेच म्हणणार होते.

शेडवर झाडणी चालू होती. बेदाणा वाळला की रॅकची जाळी हलवतात आणि मणी खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर पडतात. त्याचा आवाज हुबेहूब पावसाच्या सरीसारखा येतो. आबा एका टोकाला जाळी धरून उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ओल लागलेल्या दोन रॅकचा माल बाजूला वेगळा पसरलेला होता, काळपट. आत्या त्यातून चांगला मणी वेचत होत्या. हे थेट तिकडं जाऊन उकिडवे बसले आणि एकेक मणी दाबून बघायला लागले.

मी पिशवीतून त्या दोन सुपाऱ्या काढून आत्यांच्या हातात दिल्या. मग तोंड धुवायला पाणी हवं होतं, टाकीची चावी यांच्याकडं. सात दिवसांची सवय. मी वळले आणि सगळ्यांदेखत यांना नावानं हाक मारली.

गड्यांचे हात थांबले. आत्यांनी मान खाली घातली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आबांनी मात्र जाळी हलवायची थांबवली नाही. मणी पडत होते, सर चालूच होती. त्यांनी माझ्याकडं न बघताच जाळीचं रिकामं टोक हनुवटीनं दाखवलं.

"तोंड नंतर धू पोरी. त्ये दुसरं टोक धर आदी."